जुळवून घ्यायचे कोणी?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत राहणाऱ्यांना लोकलगाडीची ओळख करून द्यायला नको. आपली घड्याळे तिच्यावरच लावलेली असतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अलीकडच्या काळात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात आणि जवळजवळ तितकीच जखमी होतात. मृतांचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. जखमींच्या वाट्याला बहुधा अर्धी ओळ येते : ‘एकाला पाय गमवावा लागला.’ या अर्ध्या ओळीच्या पुढे त्या माणसाचे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य उरलेले असते. ते तो कसे जगतो, त्याला कोण मदत करतो आणि ती मदत कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

अपंगत्व केवळ रेल्वेमुळे येते असे अर्थातच नाही. मधुमेहाने पाय जातो, काचबिंदूने दृष्टी जाते, अर्धांगवायूने बोलणे जाते, इमारतीच्या परांचीवरून पडलेल्या मजुराच्या कण्याला इजा होते. जन्मतः अपंग असलेल्या व्यक्तीचे प्रश्न वेगळे असतात. येथे आपण अशा माणसाचा विचार करणार आहोत, जो कालपर्यंत एका तऱ्हेने जगत होता आणि आज त्याला दुसऱ्या तऱ्हेने जगायला शिकायचे आहे. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला व तो सरकारी व्यवहारात रूढ झाला. काहींना तो सन्मानाचा वाटतो, तर काहींना त्यात उगाच दिलेले देवत्व दिसते. या लेखात जुनाच शब्द वापरला आहे. पण समोरच्या व्यक्तीला स्वतःसाठी जो शब्द आवडतो तोच आपण वापरावा, हे उत्तम.

उपदेशाविना समुपदेशन

इंग्रजीतील ‘कौन्सेलिंग’ला आपण ‘समुपदेशन’ हा प्रतिशब्द घेतला. गंमत अशी, की या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे आणि प्रत्यक्ष कामात उपदेशाला जवळजवळ जागा नाही. ‘धीर सोडू नकोस’, ‘देवावर भरवसा ठेव’, ‘तुझ्यापेक्षा वाईट स्थितीतली माणसे आहेत’, ही वाक्ये आपण रुग्णाच्या खाटेशी उभे राहून म्हणतो. त्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की आता आपले दुःख यांच्यापुढे बोलायचे नाही. समुपदेशक याच्या उलट वाटेने जातो. तो आधी ऐकतो. मग ‘पुढे कसे’ या प्रश्नाचे लहान लहान तुकडे करून, त्यांतला एकेक तुकडा त्या माणसाबरोबर बसून सोडवतो.

मुंबईला हे काम नवे नाही. जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्याची नेमणूक झाली. आपल्या देशातील ती पहिली मानली जाते. टाटा समाजविज्ञान संस्थेने, जी पुढे देवनारला आली, अशा कार्यकर्त्यांच्या पिढ्या घडवल्या. १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९६८ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात कण्याच्या दुखापतीने कमरेखाली लुळ्या झालेल्यांसाठी पॅराप्लेजिक फाउंडेशनचे काम सुरू झाले. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, की डॉक्टरांचे काम संपते. रुग्णाचे काम मात्र तेव्हा सुरू होते. या सर्व संस्थांच्या मागे ही एकच जाणीव आहे.

दुःखाचे वेळापत्रक

मानसशास्त्राचे विद्यार्थी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या पाच अवस्था पाठ करतात : नकार, संताप, सौदा, नैराश्य आणि स्वीकार. १९६९ साली त्यांनी ही मांडणी केली, ती मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. पुढे तीच मांडणी अपंगत्वालाही सर्रास लावण्यात आली. पण दुःख असे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत नाही. कोणी पहिल्या दिवसापासून शांत असतो, आणि तो ‘नकारात आहे’ असे समजून त्याला रडवण्याचा प्रयत्न करणे हा अन्याय आहे. कोणी सहा महिने हसतमुख राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात, कुबडी चिखलात रुतल्यावर, कोसळतो. गणपतीत आरतीला उभे राहता येत नाही, मित्रांच्या क्रिकेटच्या चमूतून नाव गळते, धाकट्या भावाचे लग्न आधी ठरते, अशा प्रसंगी निवलेले दुःख पुन्हा जागे होते. ते परत आले म्हणजे आजवरची प्रगती वाया गेली असे नव्हे, एवढे जरी समुपदेशकाने आधीच सांगून ठेवले, तरी पुष्कळ काम होते.

दुसऱ्या बाजूने आपली एक ठाम समजूत असते, की असा माणूस कायमचा दुःखीच राहणार. १९७८ साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेली २२ माणसे आणि अपघाताने लुळी झालेली २९ माणसे यांचा अभ्यास केला. अपघातग्रस्त इतरांहून कमी सुखी होते हे खरे. पण त्यांनी स्वतःच्या सुखाला दिलेले गुण मोजपट्टीच्या मध्यबिंदूच्या वरच होते. अभ्यास लहान होता व त्यावर फार मोठे निष्कर्ष उभारू नयेत. परंतु पाहणाऱ्याला आणि भोगणाऱ्याला तेच आयुष्य सारखे दिसत नाही, इतके त्यावरून निश्चित म्हणता येते.

डाग पसरतो तसे

या विषयातील सर्वांत उपयुक्त कल्पना मला बिअट्रिस राइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंच्या १९६० सालच्या ग्रंथात सापडते. त्या म्हणतात, की अपंगत्व ज्या अवयवाचे असते तेवढ्यापुरते राहत नाही; पाहणाऱ्याच्या मनात ते साऱ्या माणसावर पसरते. आपल्या नित्याच्या अनुभवावर ही गोष्ट घासून पाहावी. अंध माणसाशी आपण मोठ्याने बोलतो, जणू त्याला ऐकूही येत नाही. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांना सोडून त्यांच्या पत्नीला विचारतो, ‘यांना चहा चालतो ना?’ पाय गेला तर बुद्धीही गेली, आवडनिवड गेली, मत गेले, असे आपण न बोलता धरून चालतो.

याहून घातक गोष्ट अशी, की हा डाग त्या माणसाच्या स्वतःच्या मनातही पसरतो. ‘माझा पाय गेला’ हे वाक्य हळूहळू ‘मी गेलो’ असे होते. हे पसरणे थांबवणे, नुकसानीला तिच्या जागी थोपवून धरणे, हे समुपदेशनाचे मुख्य काम आहे. नुकसान झालेच नाही असे म्हणायचे नाही. ते नेमके किती झाले आणि कोठे संपले, हे मात्र त्या माणसाबरोबर मोजून पाहायचे.

हे मोजणे शब्दांनी कमी आणि व्यवहाराने अधिक होते. समजा, मुलुंडच्या एका चाळीत राहणारा तिशीचा फिटर आहे. गाडीतून पडून त्याचा एक पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. तो समुपदेशकाला म्हणतो, ‘आता माझ्यात काय उरलंय?’ या प्रश्नाला तत्त्वज्ञानाने उत्तर देण्यात अर्थ नाही. थोडे अधिक बोलते केले, की कळते, त्याला सर्वांत टोचते आहे ती एकच गोष्ट : चाळीच्या सार्वजनिक शौचालयात त्याला उकिडवे बसता येत नाही आणि दररोज सकाळी वडिलांचा आधार घ्यावा लागतो. मधोमध भोक असलेली साधी खुर्ची आणि भिंतीला ठोकलेला एक लोखंडी दांडा यांनी हा प्रश्न सुटू शकतो. ज्या दिवशी तो एकटा जाऊन येतो, त्या दिवशी ‘काय उरलंय’ या प्रश्नाची धार थोडी कमी होते. पुढचा प्रश्न जिन्याचा असतो. त्यानंतरचा कृत्रिम पायाचा. त्यानंतरचा कारखान्याचा : यंत्रावर आठ तास उभे राहणे जमणार नसेल, तर हत्यारांच्या कोठीत किंवा भांडारात त्याच्या अनुभवाचा उपयोग होईल का? त्याच्या हातातली कला पायाबरोबर गेलेली नाही, हे मालकालाही पटवावे लागते आणि त्यालाही.

काही गोष्टी रुग्ण लाजेने किंवा भीतीने बोलतच नाही. त्या समुपदेशकाने आपण होऊन काढाव्या लागतात. कापलेला पाय दुखतो, नसलेल्या बोटांना खाज सुटते, असे पुष्कळांना जाणवते. ‘मला वेड लागतंय’ या भीतीने ते गप्प राहतात. वस्तुतः ही सर्वसामान्य गोष्ट आहे. मेंदूतील त्या अवयवाचा नकाशा अवयवाबरोबर पुसला जात नाही, आणि व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात साध्या आरशाच्या साहाय्याने काही रुग्णांची ही वेदना कमी करून दाखवली. कण्याला दुखापत झालेल्यांच्या बाबतीत लघवीवरचा ताबा, अंगाला पडणाऱ्या जखमा, वैवाहिक संबंध हे विषय असतात. ‘मला मूल होईल का?’ हा प्रश्न वॉर्डात सर्वांसमक्ष कोणी विचारत नाही. दार बंद करून, घाई न करता, त्याचे खरे उत्तर मिळण्याची सोय असली पाहिजे.

घरची माणसे

आपल्याकडे माणूस एकटा अपंग होत नाही, त्याचे घर त्याच्याबरोबर बदलते. म्हणून घराला वगळून केलेले समुपदेशन अर्धवट राहते. आई भरवते, पाणी हातात आणून देते, अंग पुसून देते. तिचे प्रेम खरे असते. पण ज्याला डाव्या हाताने घास घेता येऊ लागला आहे त्यालाही ती भरवत राहिली, तर तो हात शिकत नाही. अशा आईला ‘तुम्ही त्याला परावलंबी करता’ असे सुनावणे सोपे आहे. त्यापेक्षा तिला विचारावे, की गेल्या तीन महिन्यांत तुम्ही स्वतः किती रात्री सलग झोपलात? सेवा करणाऱ्याचा थकवा, त्याची चिडचिड आणि त्या चिडचिडीची त्यालाच वाटणारी शरम, यांनाही वाट मिळावी लागते.

मग येतात भेटायला येणारे. ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’ हे वाक्य आपल्या समाजात अजून सहज उच्चारले जाते. एखाद्याला श्रद्धेने बळ मिळत असेल तर समुपदेशकाने तिच्याशी भांडू नये. पण श्रद्धेचे रूपांतर अपराधी भावनेत होत असेल, तर मात्र तेथे स्पष्ट बोलावे. स्त्रीच्या बाबतीत हे ओझे दुप्पट होते. कमावत्या नवऱ्याचा पाय गेला तर बायकोने सेवा करावी हे गृहीत असते. बायकोचा गेला तर ‘हिला काही दिवस माहेरी ठेवू’ असे ठरते आणि ते ‘काही दिवस’ लांबत जातात. तरुण मुलगी असेल तर तिच्यापुढे तिच्या लग्नाची चर्चा तिला न विचारता होते. निर्णयाच्या बैठकीत ज्याचा निर्णय आहे तो माणूस बसलेला असला पाहिजे, हा आग्रह समुपदेशकाने शेवटपर्यंत सोडू नये.

वाटेवरून आधी गेलेला

सर्वांत चांगला समुपदेशक कोण? पदवी आवश्यक आहे, प्रशिक्षण आवश्यक आहे. पण त्या वाटेवरून स्वतः गेलेल्या माणसाचे एक वाक्य कधी कधी सर्वांपेक्षा जड ठरते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. ऐन तारुण्यात त्यांचे शरीर कमरेखाली लुळे पडले. निराशेच्या त्या काळात त्यांची भेट बाबूकाका दिवाण यांच्याशी झाली. बाबूकाका स्वतः चाकाच्या खुर्चीवर होते आणि तरीही कामात होते. नसीमादीदींनी पुढे नोकरी केली, १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था उभारली आणि ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात आपला प्रवास लिहिला. अमेरिकेत बर्कली येथे १९७२ साली एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मित्रांनी जे स्वतंत्र जीवन केंद्र काढले, त्याचाही पाया हाच होता : अपंगांनी अपंगांना सल्ला द्यावा.

असा माणूस समोर आला, की त्याला काही सिद्ध करावे लागत नाही. तो गाडीतून आला, जिना चढला, चहा प्यायला, एवढे पुरते. आपला फिटर त्याला जे विचारील ते डॉक्टरला विचारणार नाही : ‘पावसात पाय घसरतो का? बायको काय म्हणाली? लोक बघतात तेव्हा तुम्ही कुठे बघता?’

मात्र येथे एक धोका आहे. यशस्वी अपंगांच्या कथा आपण चाबकासारख्या वापरतो. ‘ती बघ, दोन्ही पाय नसून डॉक्टर झाली, आणि तू?’ अशा बोलण्याने उमेद येत नाही, केवळ शरम येते. प्रत्येकाने पर्वत चढायला हवा असे नाही. सकाळी वेळेवर कामाला जाणे, संध्याकाळी घरी येऊन मुलाचा अभ्यास घेणे, एवढे साधे आयुष्य परत मिळणे हेही पूर्ण यश आहे.

आणि समाजाने?

आता शीर्षकातील प्रश्नाकडे येऊ. ‘अपंगत्वाशी जुळवून घेणे’ असे आपण म्हणतो, तेव्हा जुळवून घेण्याची सारी जबाबदारी त्या एकट्या माणसावर टाकतो. हे कितपत रास्त आहे?

आपल्याच उपनगरांतील दोन घटना पाहाव्या. जोगेश्वरीच्या रोशन जव्वाद या भाजीविक्रेत्याच्या मुलीने २००८ साली अंधेरीजवळ गाडीतून पडून दोन्ही पाय गमावले. ती अभ्यास करीत राहिली आणि २०११ साली वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा उत्तीर्ण झाली. पण तिचे अपंगत्व ७० टक्क्यांच्या वर आहे, या कारणाने तिला प्रवेश नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर तो मिळाला व ती डॉक्टर झाली. जुळवून घेण्यात ती कोठे कमी पडली होती? तिच्या बाजूचे सारे तिने केले होते. जुळवून घ्यायचे बाकी होते ते नियमाने.

दुसरी घटना ११ जानेवारी २०१४ ची, घाटकोपर स्थानकातली. गाडीत चढताना फलाट आणि गाडी यांमधील पोकळीत पडून मोनिका मोरे या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीचे दोन्ही हात तुटले. तिला कृत्रिम हात बसवण्यात आले आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये परळच्या रुग्णालयात दोन्ही हातांचे प्रत्यारोपणही झाले. पण त्या अपघातानंतर फलाटांच्या उंचीचा प्रश्न ऐरणीवर आला व उपनगरी स्थानकांचे फलाट उंच करण्याच्या कामाला गती मिळाली, ही गोष्टही तितकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या पोकळीशी किती प्रवाशांनी किती वर्षे ‘जुळवून घेतले’ होते!

म्हणून समुपदेशकाला मनाबरोबर कायदाही ठाऊक असावा लागतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ते २१ झाले. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित संस्थांतील उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आले तर त्या कारणाने नोकरीवरून काढता येत नाही. वैध तिकीट किंवा पास असलेला प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला, तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागता येते. मात्र अर्ज साधारणपणे एका वर्षाच्या आत करायचा असतो. हे वर्ष बहुतेकांचे रुग्णालयात आणि दुःखात जाते. ‘पास जपून ठेवा’ असे वेळेवर सांगणारा माणूसही समुपदेशनच करीत असतो.

आपल्या वर्गातला मित्र असा प्रदीर्घ रजेनंतर महाविद्यालयात परत आला, तर आपण काय करावे? अपघात कसा झाला हे त्याने सांगेपर्यंत विचारू नये. ‘मदत लागली तर सांग’ असे मोघम बोलण्यापेक्षा ‘गेल्या तीन आठवड्यांच्या वह्या मी आणल्या आहेत’ असे म्हणावे. हात धरण्यापूर्वी विचारावे. त्याला सहलीला बोलवावे, आणि येतो म्हणाला तर ठिकाण त्याच्याशी बोलून ठरवावे. परीक्षेला लेखनिक आणि ताशी वीस मिनिटांचा जादा वेळ मिळतो, हे त्याला आणि कार्यालयालाही आठवण करून द्यावे. त्याचा तास तिसऱ्या मजल्यावर असेल आणि उद्वाहन नसेल, तर वर्ग तळमजल्यावर आणावा, असा अर्ज त्याच्या एकट्याच्या नव्हे, साऱ्या वर्गाच्या सहीने प्राध्यापकांकडे जावा. तो जगण्याविषयीच निराशेने बोलू लागला तर ते गुपित म्हणून पोटात ठेवू नये. घरच्यांना व शिक्षकांना सांगावे, आणि ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक त्याच्याजवळ बसून फिरवावा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतले बरेच जण त्यांच्या परीने जुळवून घेतच आहेत : कुबड्यांशी, जिन्यांशी, गर्दीशी, आपल्या नजरांशी. उरलेले अर्धे जुळवून घेणे आपल्या वाट्याचे आहे, आणि वर्ग तळमजल्यावर आणण्याच्या त्या अर्जापासून ते याच वर्षी सुरू करता येईल.